दांडी कापली, तोल गेला

आंब्याच्या दिवसांत ज्याने हातात झेला धरला आहे, त्याला आजचा विषय अर्धा आधीच ठाऊक आहे. चार मीटर लांबीचा बांबू, त्याच्या टोकाला जाळी आणि जाळीत आलेला पाव किलोचा हापूस. पाव किलो म्हणजे काय मोठंसं वजन? पण तो आंबा जाळीत पडला की मनगटाला कळतं, हे वजन पाव किलोचं राहिलेलं नाही. एक हात बांबूच्या मागच्या टोकाशी आणि दुसरा त्याच्यापुढे मीटरभर अंतरावर असेल, तर त्या एका आंब्यासाठी मागच्या हाताला पाऊण किलोचा दाब द्यावा लागतो. पुढचा हात हा टेकू. आंबा टेकूपासून तीन मीटरवर, मागचा हात एक मीटरवर. म्हणून तिप्पट. आता बांबू मीटरभर कापला तर तोच आंबा टेकूपासून दोन मीटरवर येतो आणि मागच्या हाताचा दाब अर्ध्या किलोवर उतरतो. आंब्याचं वजन गुंजभरही कमी झालेलं नाही. कमी झालं ते अंतर.

वजन वेगळं आणि वजनाचा हाताला लागणारा झोक वेगळा, ही एवढीच गोष्ट मला आज सांगायची आहे. पण ती सांगण्यासाठी मी एक असा खेळ निवडला आहे, जो आपल्या वाड्यांमध्ये कोणी खेळत नाही. तो म्हणजे गोल्फ.

तुम्ही म्हणाल, हातखंब्याला बसून गोल्फच्या गप्पा कशाला? त्याला कारण आहे. मुंबई-गोवा महामार्गाला कोल्हापूरकडचा रस्ता जिथे मिळतो, त्या आमच्या तिठ्यावर मुंबईची प्रत्येक वस्तू कधी ना कधी उतरते. चाकरमानी मे महिन्यात येतात, गणपतीला येतात आणि येताना साहेबांच्या घरची टाकलेली, पण टाकवत नाही अशी एखादी वस्तू घेऊन येतात. कधी टेबलफॅन, कधी टाय, कधी गोल्फची काठी. आणि दुसऱ्याच्या मापाची वस्तू आपल्या घरात आली की तिच्यावर पहिला प्रयोग होतो तो करवतीचा.

हा खेळ महाराष्ट्राला नवा नाही. मुंबईत गोल्फचा क्लब १८४२ साली निघाला. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. पुण्याच्या येरवड्याला मैदान आहे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, जे २०२० चं म्हणून २०२१ साली झालं, त्यात पुण्याचा उदयन माने भारताकडून खेळला. पण या मैदानांवर खेळणाऱ्यांइतकीच एक दुसरी जमात वर्षानुवर्षं चालत आली आहे. खेळणाऱ्याच्या काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन मैलोन्‌मैल चालणारे कॅडी. चेंबूरच्या मैदानाजवळच्या वस्त्यांमध्ये राहणाऱ्या या कॅडींनी आणि त्यांच्या पोरांनी स्वतःचा एक गल्लीतला गोल्फ उभा केला. बांधकामाची लोखंडी सळी वाकवून काठी करायची, प्लॅस्टिकचा चेंडू घ्यायचा आणि घराघरांतल्या अरुंद वाटांमधून खेळायचं. तोमाश गुद्झोवाती या पोलिश छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रं काढली आणि ती जगभर पाहिली गेली. हौशी माणसाची काठी त्याच्या मापाची बनवून येते. बाकीच्यांना मिळेल ती कापून, वाकवून आपलीशी करावी लागते. म्हणून दांडी कापल्यावर काय होतं, हा प्रश्न श्रीमंताच्या खेळातला असला, तरी तो जास्त छळतो ते ज्याच्याकडे एकच काठी आहे त्याला.

आता काठी कशी असते ते पाहू. तिचे तीन भाग. वर रबराची मूठ, मध्ये दांडी आणि खाली चेंडूला लागतं ते डोकं. लांब फटक्याची जी सर्वांत मोठी काठी असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. ती साधारण ४५ इंचांची. तिचं सगळं मिळून वजन ३१० ग्रॅम धरू. त्यात डोकं २०० ग्रॅम, दांडी ६० आणि मूठ ५०. हे ढोबळ आकडे आहेत, पण वास्तवाच्या जवळचे. म्हणजे वजनाचा दोनतृतीयांश वाटा खालच्या टोकाला. कुऱ्हाडीचं जसं सगळं बळ पात्यात, तसंच इथे.

हाताला लागणारा हा झोक मोजायची युक्ती अमेरिकेतल्या रॉबर्ट ॲडम्स नावाच्या काठ्या बनवणाऱ्या गृहस्थाने १९२० च्या दशकात काढली. तोवर दांड्या हिकरी नावाच्या लाकडाच्या असत आणि प्रत्येक लाकडाचा स्वभाव निराळा. एका माणसाच्या पिशवीतल्या दहा काठ्या दहा तऱ्हेने फिरत. ॲडम्सने एक काटा बनवला. काठी आडवी ठेवायची, मुठीच्या टोकापासून १४ इंचांवर म्हणजे ३५.६ सेंटिमीटरवर टेकू द्यायचा आणि डोक्याकडची बाजू किती जोराने खाली जाते ते पाहायचं. या मोजमापाला स्विंगवेट म्हणतात. आपण त्याला झोक म्हणू. तो अक्षर आणि आकडा यांनी सांगतात. ए ते जी अशी अक्षरं, प्रत्येक अक्षराचे ० ते ९ असे दहा अंक. सी ९ च्या पुढे डी ०, डी ९ च्या पुढे ई ०. पुरुषांच्या काठ्या बहुधा डी ० ते डी ३ च्या आसपास असतात, बायकांच्या सी मध्ये.

एक अंक म्हणजे किती? १२६ ग्रॅमचं वजन टेकूपासून एक सेंटिमीटरवर ठेवलं किंवा ६३ ग्रॅमचं दोन सेंटिमीटरवर ठेवलं, तर जेवढा झुकाव येईल तेवढा एक अंक. वजन गुणिले अंतर. याच्यापलीकडे गणित नाही. माझं शिक्षण कलाशाखेचं आहे. मला जमलं ते कोणालाही जमेल.

आणि यासाठी तो खास काटा विकत घ्यायचीही गरज नाही. घरी करता येण्यासारखं आहे. काठीचं वजन करा. सोनाराकडचा काटा उत्तम, वाण्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटाही चालेल. मग काठी बोटावर आडवी ठेवून ती जिथे समतोल राहते ती जागा शोधा, तिथे खूण करा आणि मुठीच्या टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. त्यातून ३५.६ वजा करा. उरेल त्याला काठीच्या वजनाने गुणा. झाला झोक. आपली ३१० ग्रॅमची काठी ८६ सेंटिमीटरवर समतोल राहत असेल, तर ८६ मधून ३५.६ गेले, उरले ५०.४. त्याला ३१० ने गुणलं की १५ हजार ६२४. कोष्टकात ही काठी डी २ ची ठरते.

आता हीच काठी एक इंच कापू. कापायची ती मुठीकडून. मूठ काढून, वरचा इंचभर तुकडा उडवून, मूठ पुन्हा चढवायची. डोकं आणि दांडी मिळून २६० ग्रॅमचा ऐवज टेकूच्या एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर जवळ आला. २६० गुणिले २.५४ म्हणजे ६६०. उडवलेला तुकडा दीडेक ग्रॅमचा, पण तो टेकूच्या पलीकडे, मुठीच्या बाजूने तोलत होता. तो गेल्यामुळे पंचेचाळीस-सेहेचाळीस परत मिळाले. उरला तोटा ६१५ च्या आसपास. १२६ ने भागलं की जवळजवळ पाच अंक. डी २ ची काठी सी ७ ची झाली. कारागीर लोक तोंडी हिशोब सांगतात तो असाच: अर्धा इंच कापला की तीनेक अंक जातात, इंच कापला की पाच-सहा.

वजन किती कमी झालं? दीड ग्रॅम. वाण्याच्या काट्याला तेही धड कळणार नाही. पण हाताला कळतं. खेळणारा म्हणतो, ‘डोकं हरवलं.’ डोकं कुठे आहे हे फिरवताना जाणवेनासं होतं, हात पुढे पळतो, चेंडू वाकडा जातो. पूर्वी ओझं खेचत होतं आणि हाताला वाट दाखवत होतं. आता हाताला वाट शोधावी लागते.

गेलेला झोक परत कसा आणायचा? डोक्याला वजन लावून. कापलेल्या काठीत डोकं टेकूपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. ६१५ ला ७५ ने भागा, आलं ८.२. म्हणजे आठ ग्रॅम. आपलं दहा रुपयांचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास भरतं. दीड ग्रॅमचा तुकडा कापला आणि त्याची भरपाई करायला एका नाण्याइतकं वजन लागलं. पाच अंकांना आठ ग्रॅम, म्हणजे अंकाला दीड-दोन ग्रॅम. छोट्या काठ्यांना दोन ग्रॅमहून थोडं जास्त लागतं, कारण त्यांचं डोकं टेकूच्या जवळ असतं.

हे वजन बहुधा शिशाच्या चिकटपट्टीने देतात. पट्टी डोक्याच्या पाठीमागे लावायची, चेंडू लागतो त्या तोंडावर नाही. पट्टी आधी काट्यावर तोलून घ्यायची, एकदम आठ ग्रॅम न लावता दोन-दोन ग्रॅमने वाढवायची आणि दर वेळी दहा-बारा फटके मारून पाहायचे. नव्या काठ्यांच्या डोक्याला बदलता येणारे स्क्रू असतात, तिथे जड स्क्रू बसवला की काम होतं. पोकळ डोक्यात चिकट द्रव्य ओतूनही वजन वाढवतात आणि लोखंडी काठीत दांडीच्या खालच्या टोकात धातूची छोटी गुटी बसवतात, पण ती कारागिराची कामं. खेळाच्या नियमांत शिशाची पट्टी चालते. मात्र फेरी सुरू झाल्यावर ती लावता किंवा काढता येत नाही. आणि एक गोष्ट आवर्जून: शिसं हा विषारी धातू आहे. पट्टी हाताळल्यावर साबणाने हात धुवा आणि घरात लहान मूल असेल तर तिचे तुकडे इकडे तिकडे ठेवू नका.

कोणी म्हणेल, डोकं जड करण्यापेक्षा मूठ हलकी करू. मूठ टेकूच्या दुसऱ्या बाजूला आहे, तेव्हा तिकडचं वजन काढलं की इकडची बाजू झुकेल. बरोबर आहे. पण मूठ टेकूच्या फार जवळ, पंचवीसेक सेंटिमीटरवर. तिथे एका अंकाला पाच ग्रॅम लागतात. पाच अंकांसाठी पंचवीस ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमच्या मुठीतली अर्धी मूठच काढावी लागेल. एखाद्या अंकाची उणीव असेल तर हलकी मूठ हा चांगला उपाय. पाच अंकांचं काम तिचं नव्हे.

कापण्याआधी एक परीक्षा फुकट होते. काठी आहे तशीच घ्यायची आणि मूठ एक इंच खाली धरून आठवडाभर खेळायचं. मुठीवर रंगीत चिकटपट्टीची खूण केली की हात रोज त्याच जागी पडतो. लांबी सोयीची वाटली तरच करवत काढायची. वर उरलेला इंचभर तुकडा मागून तोलत असल्यामुळे कापल्यानंतरचा झोक अगदी हुबेहूब असा कळत नाही, पण लांबी पटते का एवढं नक्की कळतं. कापलेलं जोडता येत नाही, हे शिंप्याला विचारा.

कापतानाही दोन गोष्टी. पोलादी दांडी लोखंड कापायच्या करवतीने किंवा पाइप कापायच्या हत्याराने कापता येते. कार्बनच्या दांडीला पाइप कापायचं हत्यार लावायचं नाही, ती चिरते. तिला कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळून बारीक दातांच्या पात्याने हळू कापायचं आणि नाकातोंडावर मास्क बांधायचा, कारण तिची धूळ छातीत जाणं बरं नाही. दुसरं म्हणजे दांडी वर जाड आणि खाली निमुळती असते. वरून कापली की नव्या टोकाची जाडी थोडी कमी भरते आणि मूठ हाताला बारीक लागते. मुठीखाली चिकटपट्टीचा एखादा वेढा जास्त दिला की ते सावरतं.

आता मघाच्या त्या लोखंडी सळीकडे येऊ. बांधकामावरच्या कोणालाही विचारा, सळीचं वजन तो तोंडावर सांगतो: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, भागिले १६२, म्हणजे मीटरला इतके किलो. आठ मिलिमीटरची सळी मीटरला ३९५ ग्रॅम भरते. गोल्फच्या पिशवीतली सात नंबरची लोखंडी काठी ४४० ग्रॅमच्या आसपास. वजनात फार फरक नाही. पण सात नंबरच्या काठीत २७० ग्रॅम एकट्या डोक्यात असतात, म्हणून ९४ सेंटिमीटर लांबीची ती काठी मुठीपासून सत्तरेक सेंटिमीटरवर समतोल राहते. सळीचं वजन मात्र सगळीकडे सारखं. मीटरभर सळीचा शेवटचा वीतभराहून लहान तुकडा वाकवून डोकं केलं, तरी ती अर्ध्यावरच, पन्नास सेंटिमीटरच्या आत तोलते. मघाचं गणित लावा. काठीचा झोक साडेपंधरा हजार, सळीचा साडेपाच हजार. जवळजवळ एकतृतीयांश. वजन तेच, झोक तिसऱ्या हिश्शाचा. त्या सळीने जो पोरगा गल्लीतल्या खड्ड्यात अचूक चेंडू घालतो, त्याला वजनाची मदत नाही, तो सगळं मनगटाने करतो. उद्या त्याच्या हातात खरी काठी आली की त्याला आपला हात पुन्हा शिकवावा लागणार. उपऱ्या हत्यारावर शिकण्याची ही किंमत असते आणि ती भरणारे कोण, हे वेगळं सांगायला नको.

इथवर ऐकून कोणाला वाटेल की नियम सापडला: जेवढा झोक गेला, तेवढा परत लावायचा. इथेच सांभाळायचं आहे. आमच्या शेजारच्या काकांचा किस्सा सांगतो. काका मुंबईची नोकरी संपवून गावी आले, तेव्हा कोणी दिलेली एक जुनी सात नंबरची पोलादी काठी त्यांच्या सामानात होती. नातू दहा वर्षांचा. काकांनी ती त्याच्यासाठी सहा इंच कापून घेतली. मुंबईच्या कोणा जाणकाराने फोनवर त्यांना सांगितलं होतं, कापल्यावर जेवढे अंक जातात तेवढं शिसं लावायचंच. काकांनी जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या आणून, पट्टीने घट्ट बांधून डोकं चांगलं भारी केलं. आठ दिवसांनी पोरगा मनगटाला फडकं बांधून अंगणात बसलेला.

मी विचारलं, ‘काय रे, पडलास काय?’

‘नाय चाचा, काठी फिरवली की हात उपटतो.’

काका म्हणाले, ‘अहो, हिशोबाने लावलंय. अजून निम्मंसुद्धा झालेलं नाही.’

हिशोब खरा होता, आणि तीच तर अडचण. सहा इंच कापल्यावर त्या काठीचे चाळीसच्या घरात अंक जातात. डी मधली काठी ए च्याही खाली उतरते, कोष्टकच संपतं. आणि डोकं टेकूच्या इतकं जवळ आलेलं असतं की तेवढा झोक परत आणायला सव्वाशे ग्रॅम शिसं लागेल. २७० चं डोकं चारशेच्या जवळ जाईल. काठी सहा इंचांनी लहान आणि शंभर ग्रॅमने जड! दहा वर्षांच्या मनगटाला ती उपटणार नाही तर काय करणार? काट्यावर आकडा जुळला असता, पण तो आकडा मोठ्या माणसाच्या हातासाठी होता. मुलाचा हात त्या कोष्टकात कुठेच नव्हता.

मुलांसाठी कापलेल्या काठीचा मामला उलटा असतो. तिथे झोक कमी पडत नाही, मूळचं वजनच जास्त असतं. मोठ्यांची काठी कितीही कापली तरी डोकं तेवढंच जड आणि दांडी तेवढीच ताठ राहते, उलट कापल्याने अधिक ताठ होते. म्हणून मुलांच्या काठ्या मुळातच हलक्या डोक्याच्या आणि लवचिक दांडीच्या बनवतात. ती मिळत नसेल तर पिशवीतली सर्वांत हलकी काठी कापावी, शिसं लावू नये, मूठ बारीक ठेवावी आणि मुलाला अर्ध्याच फेकीने खेळू द्यावं. मनगट दुखलं तर काठी बाजूला ठेवावी. काकांनी शिसं उतरवलं. पोरगा आता अंगणात प्लॅस्टिकचा चेंडू मारतो.

म्हणजे काटा खोटा का? नाही. काटा थोडंसं सांगतो आणि खरं सांगतो. स्थिर ठेवलेली काठी किती झुकते एवढंच त्याला माहीत. काठी फिरायला लागली की अंतराचा हिशोब दोनदा लागतो: वजन गुणिले अंतर, पुन्हा गुणिले अंतर. शिवाय कापल्याने दांडीचा ताठपणा बदलतो आणि डोक्याचा तळ जमिनीवर कसा टेकतो तो कोनही बदलतो. यातलं काहीही डी २ किंवा सी ७ मध्ये दिसत नाही. त्यामुळे अंक ही सुरुवात. शेवट हाताने करायचा.

बॉबी जोन्सची एक गोष्ट सांगतात. हा अमेरिकन खेळाडू १९३० साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकला. त्याच्या काठ्या त्याने काट्याने नव्हे, हाताने पारखून जमवल्या होत्या. पुढे कोणी त्या काट्यावर घातल्या, तर म्हणे सगळ्या एकमेकींशी जुळल्या, फक्त एक सोडून. आणि जोन्सला जन्मभर त्रास दिला तो नेमका त्याच काठीने. गोष्ट सांगताना थोडी घासूनपुसून घेतलेली असेल, पण तिच्यातलं मर्म खरं आहे. काटा आणि जाणता हात हे एकमेकांचे वैरी नाहीत. हात काट्याच्या आधी जन्मला, एवढंच.

माझ्या धंद्यातही हे आहे. उर्दूत कवितेच्या वृत्ताला ‘वज़न’च म्हणतात. गझलेच्या ओळीतला एखादा शब्द काढला की ओळ लंगडते, हे ऐकणाऱ्याला मात्रा न मोजता कळतं. मग नवखा कवी काय करतो, तर तेवढ्याच मात्रांचा कुठलातरी शब्द तिथे कोंबतो. मोजणी जुळते, ओळ जुळत नाही. चांगला उस्ताद विचारतो, ही ओळ कोण बोलतंय? लहान मूल बोलत असेल तर त्याच्या तोंडी इतका जड शब्द कशाला?

आपल्या घरातल्या हत्यारांनाही हाच प्रश्न विचारून पाहावा. मोडलेला कुदळीचा दांडा आखूड करून तीच कुदळ आपण घरच्या बाईच्या हातात देतो आणि समजतो, तिच्या मापाची झाली. लांबी तिच्या मापाची झाली, लोखंड पुरुषाच्याच मापाचं राहिलं. दिवसभर वाकून ती कुदळ चालवल्यावर संध्याकाळी खांदा का भरून येतो, याचं उत्तर त्या लोखंडात आहे. याच्या उलट उदाहरण आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. तिथे ‘वैभव’ विळा तयार झाला तो वजनाला हलका आणि दातेरी पात्याचा. तिथे जुना विळा कुठून कापावा असा विचार झाला नाही. दिवसभर कापणी करणाऱ्या मनगटापासून सुरुवात झाली.

तेव्हा मंडळी, दांडी कापायची असेल तर जरूर कापा. आधी मूठ खाली धरून पाहा. वजन आणि समतोलाची जागा लिहून ठेवा. कापल्यावर पुन्हा मोजा, किती गेलं ते काढा. मोठ्या माणसाची काठी असेल तर गेलेलं थोडं थोडं परत द्या आणि हाताला पटलं की थांबा, मग कोष्टक काही म्हणो. काठी मुलाची असेल, थकलेल्या म्हाताऱ्याची असेल, तर आधी तो हात आपल्या हातात घेऊन पाहा. त्याला किती पेलतं हे त्या हाताला विचारा आणि मग हिशोबाला बसा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)